डार्टमूरच्या माळावर साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे बांध कसे शोधावेत, कसे वाचावेत

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन काउंटीत, डार्टमूर नावाचा ग्रॅनाइटचा विस्तीर्ण माळ आहे. ९५४ चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान. लंडन, ब्रिस्टल, एक्सेटरकडे राहणारी आपली मंडळी इथं येतात ती बहुधा टॉर चढायला, म्हणजे माथ्यावर उघडे पडलेले खडकांचे बुरूज पाहायला. सह्याद्रीत गडकिल्ले फिरलेल्या पायांना ही चढण किरकोळ वाटते. वाटेत मध्येच गुडघ्याएवढा, गवतानं झाकलेला दगडमातीचा वरंबा लागतो. तो ओलांडून सगळे पुढं जातात. हा लेख त्या वरंब्यासाठी आहे.

असा वरंबा बऱ्याचदा शेताचा बांध असतो आणि तो इ.स.पू. १७०० ते १५०० च्या सुमारास, कांस्ययुगात घातलेला असतो. इथले लोक त्याला 'रीव्ह' म्हणतात. असे बांध एकमेकांना समांतर धरून ओढ्यानाल्यांतून, टेकड्यांवरून किलोमीटरच्या किलोमीटर जातात आणि सगळे मिळून सुमारे १०,००० हेक्टर जमिनीची वाटणी करतात. इतक्या जुन्या काळातली जमिनीची वाटणी जमिनीच्या वर, पायी फिरून पाहता येईल अशा अवस्थेत युरोपात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. आणि ती पाहायला तिकीट नाही, कुंपण नाही, बहुतेक ठिकाणी फलकही नाही. म्हणूनच नवख्या माणसाला ती सापडत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. एकटा बांध फारसं काही सांगत नाही. दोन बांध जिथं भेटतात, बांध जिथं घराला टेकतो, बांध जिथं अचानक संपतो, तिथं खरी माहिती असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या तुम्हाला त्या जागांपर्यंत नेण्यासाठी आहेत.

निघण्याआधी एवढं माहीत हवं

एकोणिसाव्या शतकातल्या हौशी अभ्यासकांना हे बांध दिसले होते, पण त्यातल्या अनेकांनी ते जुने रस्ते मानले. नंतर त्यांच्याकडे जवळजवळ दुर्लक्षच झालं. १९७० च्या दशकात शेफील्ड विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंग यांनी माळ पायी पालथा घातला, बांध नकाशावर उतरवले आणि दाखवून दिलं की हे सुटे तुकडे नाहीत, आखलेल्या मोठ्या रचना आहेत.

या रचनेचा ढाचा समजला की माळावर निम्मं काम झालं. खाली नदीचं खोरं. त्याच्या वर उतारावर समांतर बांधांनी लांबट पट्ट्यांत वाटलेली जमीन. ती जिथं संपते तिथं आडवा जाणारा एक शेवटचा बांध, ज्याला समांतर बांध येऊन टेकतात. त्याच्याही वर उघडा माळ, जो वाटला गेला नाही. तो सगळ्यांच्या गुरांना चरायला मोकळा होता असं मानलं जातं. गावाची शेती एका बाजूला आणि गायरान दुसऱ्या बाजूला ही कल्पना मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. याशिवाय पाणलोटाच्या धारेवरून जाणारे लांब बांध आहेत आणि उताराला आडवे, समपातळीत जाणारेही आहेत. पश्चिमेकडचा 'ग्रेट वेस्टर्न रीव्ह' एकटाच दहा किलोमीटरहून लांब आहे.

समांतर बांधांची एक गोष्ट विलक्षण आहे: ते जमिनीच्या चढउताराची पर्वाच करत नाहीत. डार्टमीटजवळची रचना डार्ट नदीच्या खोल दरीच्या एका बाजूला उतरते आणि पलीकडे त्याच दिशेनं पुन्हा चढते. ज्यांनी ती आखली त्यांच्या डोक्यात दिशा आधी ठरलेली होती.

उत्खननांतून आणखी दोन गोष्टी कळल्या. होल्न मूरवर दगडी बांधाखाली लाकडी खुंटांच्या रांगांच्या खुणा मिळाल्या, म्हणजे काही ठिकाणी आधी लाकडी कुंपण होतं, दगड नंतर आले. नैर्ऋत्येकडच्या शॉ मूरवर चिनी मातीच्या खाणीचा राडारोडा पडण्याआधी, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात घाईनं उत्खनन झालं. तिथं बांधालगतच्या चरात गुरामेंढरांच्या खुरांचे ठसे सापडले. साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणाची तरी गाय चिखलातून गेली आणि तिचा खूर तसाच राहिला. या बांधांचा गुराढोरांशी संबंध होता हे सांगायला याहून थेट पुरावा कोणता हवा?

काळाचा अंदाज यावा म्हणून एक सांगतो. डार्टमूरवर हे बांध पडत होते त्या शतकांत पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला माळवा संस्कृतीचे शेतकरी राहत होते. पुढं जोर्वे काळात त्याच वस्तीनं दगडमातीची मोठी भिंत बांधली आणि पाट खणला. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ते उघडकीला आलं. इनामगावचं मातीकाम पाण्यासाठी होतं, डार्टमूरचं वाटणीसाठी. दोन्हीकडे लेखन नव्हतं, राजाचं नाव नाही, तरी माणसं एकत्र येऊन जमिनीला आकार देत होती.

पायरी १: नकाशा

ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० प्रमाणाचा 'एक्सप्लोरर ओएल २८' हा डार्टमूरचा नकाशा घ्या. कागदी घ्याच, कारण माळावर मोबाइलची रेंज जाते. ॲपमधला नकाशा वापरणार असाल तर घरूनच उतरवून ठेवा.

या नकाशावर प्राचीन अवशेषांची नावं गॉथिक वळणाच्या जुन्या अक्षरांत छापलेली असतात. 'फील्ड सिस्टिम', 'बाउंडरी वर्क', 'हट सर्कल', 'केर्न', 'स्टोन रो' ही नावं शोधा आणि पेन्सिलनं गोल करा. 'फील्ड सिस्टिम' म्हणजे शेतांची रचना, 'बाउंडरी वर्क' म्हणजे बहुधा एखादा लांब बांध, 'हट सर्कल' म्हणजे गोल घराचा दगडी पाया, 'केर्न' म्हणजे थडग्यावरचा दगडांचा ढीग, 'स्टोन रो' म्हणजे उभ्या दगडांची रांग. डार्टमूरवर अशा घरांचे ५,००० हून जास्त पाये नोंदलेले आहेत. जिथं या खुणांची गर्दी आहे तिथं जायचं. एकट्यादुकट्या खुणेच्या मागं पहिल्याच खेपेला लागू नका.

पायरी २: लायडार

ही पायरी गाळू नका. विमानातून लेझर किरण सोडून जमिनीची उंची मोजतात, झाडंझुडपं गणितानं वजा करतात आणि उघड्या जमिनीचं चित्र मिळतं. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेनं हे मापन १ मीटर इतक्या बारकाईनं करून फुकट उपलब्ध केलं आहे. ते पाहण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं नकाशांचं संकेतस्थळ. तिथं एका बाजूला जुना नकाशा आणि दुसऱ्या बाजूला लायडार असं शेजारी शेजारी लावता येतं. 'हिस्टॉरिक इंग्लंड' या सरकारी वारसा संस्थेचा हवाई छायाचित्रांवरून केलेला नकाशाही ऑनलाइन आहे. तो मात्र नंतर उघडा. आधी स्वतःच्या डोळ्यांनी शोधा, मग तज्ज्ञांनी काय आखलंय ते पडताळा. डोळा असाच तयार होतो.

लायडारच्या चित्रात सावल्या कृत्रिम असतात. संगणक एका दिशेनं उजेड टाकतो, बहुधा वायव्येकडून. जो बांध त्या उजेडाच्याच दिशेनं धावतो त्याची सावली पडत नाही, म्हणून तो दिसत नाही. डार्टमूरवर एका रचनेतले सगळे समांतर बांध एकाच दिशेचे असल्यामुळं कधी कधी अख्खी रचनाच गायब होते. उजेडाची दिशा बदलता येत असेल तर बदलून पाहा, अनेक दिशांच्या उजेडाचं चित्र मिळत असेल तर तेच वापरा.

रचना सापडली की तिची मुख्य दिशा मोजा. उत्तरेपासून किती अंश, ते वहीत लिहा. माळावर हा आकडा होकायंत्राइतकाच उपयोगी पडतो.

पायरी ३: कधी जायचं

उन्हाळ्यात जाऊ नका. जून ते सप्टेंबर उतारांवर नेचा खांद्यापर्यंत वाढतो आणि बांध त्यात बुडून जातात. नोव्हेंबर ते मार्च हा खरा हंगाम. तेव्हा नेचा वाळून आडवा पडलेला असतो.

शिवाय ऊन. डिसेंबरच्या मध्यान्ही पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो, डार्टमूरवर जेमतेम १६ अंश. म्हणजे भर दुपारीसुद्धा तिरपं ऊन. वीतभर उंचीच्या बांधाचीही लांब सावली पडते आणि समोरचा उतार रेघांनी भरून जातो. जुलैच्या दुपारी त्याच जागी सपाट हिरवळ दिसते. हलकं बर्फ पडून वितळायला लागलं असेल तर आणखी उत्तम, बांधांच्या सावलीच्या बाजूला ते उशिरापर्यंत टिकतं.

याची किंमत म्हणजे दिवस लहान. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो. दुपारी अडीचला परतीला लागायचं असं ठरवूनच निघा.

पायरी ४: पहिली जागा कोणती

पहिल्या भेटीसाठी मी केस्टर आणि शॉव्हेल डाउन सुचवेन. हा भाग चॅगफर्ड गावाच्या पश्चिमेला आहे. बॅटवर्दीकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यानं गेलात की वाटेतच, रस्त्यालगत 'राउंड पाउंड' नावाचं मोठं गोल आवार लागतं. त्याच्या भोवतीच शेतं आहेत. इथल्या बांधांत उभे लावलेले मोठे दगड आहेत, त्यामुळं नवख्यालाही ते चटकन ओळखू येतात. केस्टरच्या खडकावर चढून खाली पाहा: पट्टे, आडवे बांध, मधूनमधून घरांची वर्तुळं, सगळं एका नजरेत येतं.

तिथून शॉव्हेल डाउनच्या माथ्यावर गेलात की दगडांच्या रांगा आणि 'लाँगस्टोन' नावाचा उभा दगड दिसेल. रांगा बांधांहून जुन्या आहेत. लाँगस्टोन मात्र मला या सगळ्या माळावरची फार बोलकी वस्तू वाटते. प्राचीन काळी उभा केलेला हा दगड पुढं गिडली आणि चॅगफर्ड ही दोन पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून पडलेले गावविभाग) आणि डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे ब्रिटनच्या युवराजाच्या जहागिरीची, जमीन यांच्या हद्दीचा दगड झाला. तिघांची आद्याक्षरं त्याच्यावर कोरलेली आहेत. फिरून तिन्ही बाजू वाचा. हजारो वर्षांनंतर आलेल्या लोकांनी शीव ठरवताना नवा दगड रोवला नाही, उभा होता तोच धरला.

दुसरी जागा होल्न मूर. वेनफर्ड जलाशयाशी गाडी लावता येते. फ्लेमिंग यांनी अनेक वर्षं काम केलं ते इथंच. डार्टमीट रचनेचा शेवटचा आडवा बांध, 'वेनफर्ड रीव्ह', या माळावरून जातो. थोडं पुढं कोम्बस्टोन टॉर अगदी रस्त्याला लागून आहे. चालायला न जमणाऱ्या आईवडिलांना घेऊन आलात तर इथं थांबा. तिरप्या उन्हात डार्टच्या पलीकडच्या यार टॉरच्या उतारावर समांतर रेघा गाडीशेजारी उभं राहून दिसतात.

हॉरिज कॉमन आणि रिपन टॉरची रचना हवाई छायाचित्रांत फार सुंदर दिसते, पण जमिनीवर नवखा माणूस तिथं गोंधळतो. ती तिसऱ्या चौथ्या खेपेला ठेवा.

पायरी ५: बांध धरून चालणं

बांध सापडला की त्याच्यावरून चालू नका, बाजूनं चाला. पावलांनी गवताची पकड सुटते, मग पाऊस माती नेतो. शिवाय बाजूनं चाललं की आकार नीट कळतो.

आकार असा असतो: उंची बहुधा अर्ध्या मीटरच्या आसपास, रुंदी एक-दोन मीटर, कधी जास्त. दोन्ही अंगांना गवत, मधून ग्रॅनाइटचे दगड डोकावतात. उतारावरच्या बांधाची वरची बाजू कमी उंच आणि खालची जास्त उंच असेल, कारण वरून आलेली माती तिथं अडकून साचली आहे. आपल्याकडे डोंगरउतारावरच्या ताली अशाच भरत जातात.

बांध मध्येच हरवतो. सगळ्यांचाच हरवतो. अशा वेळी शेवटच्या स्पष्ट जागी काठी रोवा किंवा सोबत्याला उभं करा. मग वहीतली दिशा होकायंत्रावर लावा आणि तीस-चाळीस मीटर सरळ पुढं जा. झाडोऱ्याकडे लक्ष द्या. बांधावर पाण्याचा निचरा चांगला होतो, म्हणून तिथं नेचा किंवा बिलबेरीची बुटकी झुडपं सापडतात. बांधानं पाणी अडवलेल्या बाजूला लव्हाळ्यासारखं ओल्या जागेतलं गवत येतं. दोन रंगांच्या गवतातली सरळ रेघ हा पुष्कळदा बुजलेला बांधच असतो. पायाखालची जमीनही सांगते: मऊ पीटमधून, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या थरावरून, चालताना अचानक दोन पावलं कडक लागली की थांबून बघा.

दोन समांतर बांधांमधलं अंतर पावलांनी मोजा. ते सारखं भरत नाही. एक पट्टा अरुंद, शेजारचा त्याच्या दुप्पट, असं सर्रास दिसतं. दिशा सगळ्यांनी पाळली, रुंदी मात्र ज्याची त्याची.

पायरी ६: सांधे वाचणं

आता मुख्य काम. दोन बांध भेटतात तिथं बसा, घाई करू नका, आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला: कोणता बांध सरळ पुढं जातो आणि कोणता येऊन थांबतो? जो अखंड जातो तो बहुधा आधीचा, जो येऊन टेकतो तो नंतरचा. शेवटच्या आडव्या बांधाशी हे तपासा. समांतर बांध त्याला येऊन टेकलेले दिसतात का? मग आधी माळाची हद्द ठरली आणि नंतर आतली वाटणी झाली, असं निदान त्या जागेपुरतं म्हणता येतं. 'त्या जागेपुरतं' हे शब्द वहीत लिहाच. ढासळून गवत चढलेला सांधा फसवतो, आणि दोन्ही बांध एकाच हंगामात घातलेले असू शकतात.

दुसरा: घराचं काय? गोल घराचा पाया बांधाजवळ असेल तर पाहा. बांध घरापाशी येऊन वळसा घेतो किंवा घराच्या भिंतीला येऊन मिळतो, तर घर आधीचं. घराची भिंत बांधावर चढलेली असेल किंवा बांधाचे दगड घरासाठी उचललेले असतील, तर घर नंतरचं. घराचं दार कुठं आहे तेही बघा. बहुतेक दारं आग्नेयेच्या किंवा दक्षिणेच्या अंगाला असतात, वाऱ्याकडे पाठ आणि उन्हाकडे तोंड. दारासमोर बांधात फट असेल तर तिथून गुरं येत-जात असतील का, याचा विचार करा.

तिसरा: बांध कशाकडे रोखलेला आहे? काही बांध लांबून एखाद्या केर्नकडे, म्हणजे दगडांच्या थडग्याच्या ढिगाकडे, नेम धरून जातात. ढीग आधीपासून उभा होता. म्हणजे बांध आखताना पूर्वजांचं थडगं खूण म्हणून धरलं.

या तीन प्रश्नांमागं अभ्यासकांमधला एक मोठा वाद उभा आहे. फ्लेमिंग यांचं म्हणणं असं की एवढी एकसंध रचना मोठ्या समूहानं एकत्र बसून ठरवल्याशिवाय आणि थोड्या काळात पार पाडल्याशिवाय शक्य नाही. नंतरच्या अभ्यासकांनी, विशेषतः या शतकाच्या सुरुवातीला शॉव्हेल डाउनवर झालेल्या कामानंतर, दाखवलं की काही भाग तुकड्यातुकड्यानं, पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला असावा. आधी एक छोटं आवार, मग शेजाऱ्याचा बांध त्याच दिशेनं, मग आणखी एक. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, कारण सांधे जवळून पाहिले की दुरुस्त्या, वळसे, अर्धवट सोडलेले बांध फार दिसतात. पण डार्ट नदीच्या दोन्ही काठांवर तीच दिशा पाहिली की फ्लेमिंग यांचं म्हणणंही सोडवत नाही. तुम्ही दोन्ही गृहीतकं मनात ठेवूनच सांध्याशी बसा.

पायरी ७: फसवणाऱ्या रेघा

डार्टमूरवर माणसं पुन्हा पुन्हा आली आणि प्रत्येकानं जमिनीवर रेघा ओढल्या. हे ओळखायला शिका:

पाट. खाणींना आणि गावांना पाणी नेण्यासाठी खणलेले चर, इथं त्यांना 'लीट' म्हणतात. शेजारी खणलेल्या मातीचा वरंबा असतो, म्हणून तो बांध वाटतो. पण पाट उताराच्या कडेनं अगदी मंद उतरत, वळणं घेत जातो. होल्न मूरवर असे बरेच आहेत.

कथिलाच्या खाणी. ओढ्यांच्या तळाशी ओबडधोबड ढिगारे आणि खड्डे दिसले की मध्ययुगातल्या आणि नंतरच्या खाणकामगारांचं काम समजा.

कोरड्या दगडांच्या उंच, सरळ भिंती. माळाचे मोठे तुकडे नव्यानं कुंपणात घेतले गेले तेव्हाच्या, बऱ्याचशा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या. उभ्या असतात, गवत चढलेलं नसतं.

'कॉर्न डिच'. हा सगळ्यात फसवा. मध्ययुगात राजाच्या राखीव रानातली हरणं शेतात शिरू नयेत म्हणून बांधत. रानाच्या बाजूला चर आणि सरळ दगडी तोंड, शेताच्या बाजूला मातीचा उतार. कांस्ययुगीन बांधाला असा एकतर्फी चेहरा नसतो.

शंका आली की नियम सोपा आहे: कोण कोणाच्या वर चढलंय? जुना बांध नव्या भिंतीखाली जातो, पाट त्याला कापून जातो, खाणीचा खड्डा त्याला गिळतो. आणि कधी कधी जुना बांध नव्यात जिवंत राहतो. होल्न मूरवर मध्ययुगात पुन्हा शेती झाली तेव्हा जुनेच बांध वापरले गेले. वाइडकॉम्बच्या परिसरात आजच्या शेतांची कुंपणंही काही ठिकाणी तीच कांस्ययुगीन दिशा धरून आहेत.

पायरी ८: नोंद

मोजपट्टी, होकायंत्र, पेन्सिल, वही. प्रत्येक सांध्यासाठी एक पान. वर ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारा क्रमांक (डार्टमूरचे 'एसएक्स' अक्षरांनी सुरू होतात), मग हातानं काढलेला आराखडा: कोणता बांध अखंड, कोणता टेकलेला, दगड उभे की आडवे, दिशा, रुंदी, उंची. फोटो गुडघ्यावर बसून, उन्हाला आडवं राहून काढा, सोबत माणूस किंवा काठी ठेवा म्हणजे आकार कळेल. पण आराखड्याला फोटो पर्याय नाही. हातानं काढताना जे दिसतं ते बटण दाबताना दिसत नाही.

नियम आणि जीव

माळावरची सार्वजनिक चराऊ जमीन १९८५ च्या कायद्यानं सगळ्यांना पायी फिरायला खुली आहे, पण ती कुणाच्या तरी मालकीची आहे आणि तिथं लोकांची गुरं चरतात. फाटक जसं होतं तसं ठेवा. १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा पट्ट्यात. दगड हलवू नका, उचलू नका, रचून ढीग करू नका. एक दगड सरकला की तुमच्यानंतर येणाऱ्याला तो सांधा चुकीचा वाचायला मिळेल. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र वापरणं १९७९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि डार्टमूरवर अशी स्मारकं एक हजाराहून जास्त आहेत.

उत्तरेकडच्या माळावर लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो. वेळापत्रक आधी पाहा. लाल झेंडा वर असेल तर हद्दीत पाऊल टाकायचं नाही. धुकं दहा मिनिटांत उतरतं. चकचकीत हिरवं शेवाळ दिसलं की वळसा घाला, खाली दलदल असते. थंडी गेली की नेच्यात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळं लाइम रोग होऊ शकतो, म्हणून पँट मोज्यात खोचा आणि घरी गेल्यावर अंग नीट तपासा. माळावरच्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ४० मैल आहे. मेंढ्या आणि तट्टं रस्त्यावरच उभी असतात, त्यामुळं अंधारात त्याहूनही सावकाश चालवा.

पायरी ९: घरी आल्यावर

आता तज्ज्ञांची नोंद उघडा. 'हेरिटेज गेटवे' या संकेतस्थळावरून डेव्हन आणि डार्टमूरच्या ऐतिहासिक नोंदी शोधता येतात. तुमचा ग्रिड संदर्भ घाला, तुमचा आराखडा शेजारी ठेवा, आणि फरक कुठं आहे ते पाहा. फरक असला की पुन्हा तिथं जायला कारण मिळालं. नोंदीत नसलेलं काही खरंच सापडलं असं वाटलं, किंवा एखाद्या बांधाची पडझड दिसली, तर फोटो आणि ग्रिड संदर्भासह राष्ट्रीय उद्यानाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.

डार्टमूर थोडं अंगवळणी पडलं की पुढं दोन दिशा आहेत. विल्टशरच्या खडूच्या माळावर, सॅलिसबरी प्लेनच्या आसपास, हद्दी दगडानं नव्हे तर लांबलचक चर खणून आखलेल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच कांस्ययुगाच्या उत्तरार्धातल्या. तिथला बराच भाग लष्कराकडे आहे, त्यामुळं फक्त खुल्या वाटांवरून फिरता येतं. दुसरी दिशा आयर्लंड. मेयो काउंटीत केडी फील्ड्स इथं दगडी भिंतींची अख्खी शेतं पीटखाली गाडली गेली आहेत. १९३० च्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड या शाळामास्तरांनी सरपणासाठी पीट कापताना खालून निघणाऱ्या दगडांच्या रांगा पाहिल्या. भिंती पीटच्या खाली आहेत, तेव्हा पीटहून जुन्या असणार, हे त्यांनी ओळखलं. पुढं त्यांचा मुलगा शेमस पुरातत्त्वज्ञ झाला आणि त्यानं लोखंडी सळया पीटमध्ये खुपसत त्या भिंती कित्येक किलोमीटर शोधल्या: सळई खोल गेली तर मोकळी जमीन, मध्येच अडली तर भिंत. तिथं आता अभ्यागत केंद्र आहे. सळई खुपसून भिंत कशी शोधतात ते तिथल्या मार्गदर्शकांना दाखवायला सांगा.